अकरा सेकंदांची शिट्टी

एकतीस मिनिटं चाळीस सेकंदांवर तिचा हात थांबला. नुसता हात नाही, ती आख्खीच थांबली.

कानाला हेडफोन, डोळे मिटलेले, समोर बंदरातल्या कामगारांवरच्या माहितीपटाचा नवा भाग चालू, आणि त्यात मागे कुठेतरी एक माणूस शिट्टी वाजवत होता. अकरा सेकंद. मग शिट्टी मध्येच तुटली, बोलता बोलता कुणी वाक्य अर्धवट सोडून उठून जावं तशी, आणि लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. तिने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा ऐकलं. हा सूर जगात दोनच माणसांना येत होता. एक ती स्वतः. दुसरा तिचा दादा, जो एकोणीस वर्षांपूर्वी घरातून गेला तो गेलाच.

आता ही बाई दिवसभर हेडफोन लावून करते काय, ते आधी सांगायला हवं, कारण ऐकणाऱ्याला ती चेष्टा वाटते. टीव्हीवर जे काही लागतं, मालिका असो, सिनेमा असो, माहितीपट असो, त्यात कुठे कुठे संगीत वाजलं याची एक यादी करावी लागते. तिला क्यू शीट म्हणतात. किती मिनिटांनी सुरू झालं, किती सेकंद वाजलं, रचना कुणाची, मागे वाजलं की पडद्यावरच्या माणसाने वाजवलं. या यादीवरून संगीतकाराला त्याचं मानधन जातं. यादीत नाव नसेल तर त्याच्या हाती भोपळा. याद्या पाठवायच्या निर्मात्यांनी, आणि निर्माते याद्या अशा करतात की जणू कुणी त्यांना उठाबशा काढायला सांगितल्यात. म्हणून त्या तपासायला या कार्यालयात सात माणसं बसवलेली. गुळगुळीत झालेल्या खुर्च्या, बंद न होणारी खिडकी, आणि चहाच्या कपांच्या गोल डागांनी भरलेली टेबलं.

त्या सातांत हिची गोष्टच वेगळी. हिला सगळे कानसेन म्हणत. दाराआड चाललेल्या मिक्सरच्या आवाजातून हिने एकदा एका जुन्या संगीतकाराची सहा सेकंदांची बासरी शोधून काढली होती, आणि त्या म्हाताऱ्याने स्वतः येऊन हिचे हात हातात घेतले होते. तेव्हापासून बाईंचं नाक जरा वरच होतं. इतर लोक तासाभराचा भाग तासाभरात ऐकत, ही तो दुप्पट वेगाने अर्ध्या तासात ऐकून सही करून मोकळी. आणि चित्र? चित्र ती बघतच नसे. पडद्यावर शीट उघडून ठेवायची, चित्र त्याच्याखाली झाकलं जायचं. नव्या लोकांना ती हेच शिकवायची. "डोळे उघडले की कान भटकतात. माणसं बघायला आपण इथे नाही बसलो."

तीन आठवड्यांपूर्वी साहेबांनी फतवा काढला होता की यापुढे कुणीही वेग वाढवून ऐकायचं नाही. कुठल्याशा संगीतकाराची तक्रार आली होती. हिने तो स्वतःचा अपमान मानला, दोन दिवस साहेबांशी कामापुरतं बोलली, आणि मग नाइलाजाने सगळ्यांसारखी गोगलगायीच्या चालीने ऐकायला लागली. म्हणून तर ती शिट्टी तिच्या कानात शिरली.

तिने शीट बाजूला केली आणि चित्र उघडलं. नोकरीच्या बारा वर्षांत बहुधा पहिल्यांदा.

बंदराचा धक्का, वर क्रेनचा लांबलचक हात, खाली पाठमोरा माणूस. खांद्यावर दोरखंड. शिट्टी त्याचीच. तो वळला. पंचविशीतला पोरगा होता. दादा आज चाळिशीचा असता. तिने "असता" हा शब्द मनातल्या मनात खोडला. चाळिशीचा असेल.

पण मग या पोराला हा सूर दिला कुणी?

तो सूर झाला कसा, त्याला कारण होते बाबा. बाबा रात्रपाळी करत आणि दुपारी झोपत, आणि त्या झोपेला घरात अशी किंमत होती की भांड्यावर भांडं वाजलं तरी आईचा जीव कासावीस व्हायचा. दादाला कॉलेज बुडवून दुपारीच घरी यायची खोड. मग तो जिन्याखाली उभा राहून शिट्टी वाजवायचा, अकरा सेकंदांची, शेवटी वर चढून अधांतरी थांबणारी. त्याचा अर्थ, झोपले का? बाबा झोपले असले की ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून पुढचा अर्धा भाग वाजवायची. तो तिने स्वतः जुळवलेला, अकरा वर्षांची असताना, दात पडल्यामुळे थुंकी उडवत. मग दादा चपला हातात घेऊन वर. उत्तर आलं नाही तर वर यायचं नाही, पायरीवर बसून राहायचं, असा दोघांचा करार होता. एकदा ती खेळता खेळता विसरली तर हा पठ्ठ्या चार तास पायरीवर बसून होता. वरून तिलाच म्हणाला, "ठमे, करार म्हणजे करार."

ती सोळा वर्षांची असताना बाबांना कळलं की दादाने कॉलेज कधीच सोडलंय आणि तो एका गॅरेजात काम करतो. त्या दिवशी घरात जे झालं ते झालं. बाबा म्हणाले, "पुन्हा या घराची पायरी चढू नकोस." दादा निघून गेला. तीन दिवसांनी भर दुपारी खालून शिट्टी आली. ती खिडकीशीच होती. पण बाबा त्या दिवशी झोपले नव्हते, तिच्यापासून हातभर अंतरावर खुर्चीत बसून होते, आणि शिट्टी ऐकून त्यांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. तिच्या ओठांतून हवासुद्धा निघाली नाही. थोड्या वेळाने पुन्हा एकदा शिट्टी आली. मग नाही.

पोलीस झाले, जाहिराती झाल्या, लांबच्या नातेवाइकांच्या "आम्ही बघितला बरं का त्याला" अशा बातम्या झाल्या. दोनदा आई तशा बातम्यांमागे धावली आणि दोन्ही वेळा परत येऊन अंथरुणाला खिळली. नऊ वर्षांपूर्वी बाबा गेले, शेवटच्या आठवड्यात दाराकडे तोंड करून पडून राहिले, बोलले काही नाहीत. घरातला तारेचा जुना फोन आईने कधी काढू दिला नाही. कंपनीवाले म्हणाले, आजी, हा आता कुणी वापरत नाही. आई म्हणाली, ज्याला वापरायचाय त्याला हाच नंबर पाठ आहे.

म्हणून तिने घरी यातलं अक्षर काढलं नाही. आधी खात्री, मग आई.

ती साहेबांकडे गेली. साहेबांनी डोकंही वर केलं नाही.

"शिट्टी ना? पारंपरिक टाका. रचनाकार अज्ञात. पुढे चला, अजून चौदा भाग पडलेत."

"पारंपरिक नाहीये ती."

"मग कुणाची आहे?"

साहेबांनी आता मात्र वर बघितलं, कारण या बाईचं उत्तर अडलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. "बरं, शंकापत्र पाठवा," ते जरा नरमून म्हणाले.

शंकापत्र म्हणजे निर्मात्याला पाठवायचा साधा कागद. अमुक मिनिटाला वाजलेली रचना कुणाची, सादर कुणी केली, कळवावे. असले कागद निर्माते महिना महिना दाबून ठेवतात. हिने कागद पाठवला आणि पाठोपाठ फोन लावला. मग दुपारी लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोनदा लावला. निर्मात्याच्या कार्यालयातली मुलगी शेवटी रडकुंडीला आली.

"ताई, अहो अकरा सेकंदांची शिट्टी आहे. चौथा फोन आहे तुमचा! मोठमोठ्या गाण्यांना कुणी इतकं विचारत नाही."

"नियम आहे," ती म्हणाली. आपला आवाज इतका कोरडा कसा निघाला याचं तिलाच आश्चर्य वाटलं.

"त्या माणसाचा नंबरच देते मी तुम्हाला. तुम्हीच विचारा. बंदरावर हुक लावायचं काम करतो तो. आणि कृपा करून मला परत फोन करू नका."

ती नंबर घेऊन जिन्यात गेली. कार्यालयात फोन करायला तिला धीर होईना. तीनदा अंक चुकले. चौथ्यांदा पलीकडे वाऱ्याचा आणि यंत्रांचा आवाज आला आणि एक तरुण, खणखणीत आवाज म्हणाला, "बोला!"

तिने कामाचं बोलून सुरुवात केली, कारण दुसरं काही तोंडातून फुटलं नसतं. माहितीपटात तुम्ही शिट्टी वाजवली आहे, ती रचना कुणाची, आम्हाला नोंद करायची आहे.

हुकवाला खो खो हसला. "रचना? बापरे! अहो ती मास्तरांची शिट्टी. आमच्या इथे सगळेच वाजवतात. डबा खायला बसायचं की वाजवायची, हुक लागला की वाजवायची. का हो, पैसेबिसे मिळतात की काय त्याचे?"

"मास्तर कोण?"

"क्रेनवर असायचे. आम्हाला सगळं काम त्यांनी शिकवलं म्हणून मास्तर. वर केबिनमध्ये एकटेच, मग वॉकीटॉकीवरून शिट्टी वाजवायचे. आम्ही म्हणायचो, मास्तर, पुढचं वाजवा की, हे असं अर्धवट काय? तर म्हणायचे, पुढचं माझं नाही."

तिने जिन्याच्या कठड्याला धरलं. खालून कुणीतरी वर येत होतं, त्याला वाट द्यायला हवी होती, तेही तिला जमलं नाही. तो माणूस अंग चोरून बाजूने गेला.

"त्यांच्याशी बोलायचंय मला," ती म्हणाली. "कुठे असतात ते आता?"

मग हुकवाल्याचा आवाज एकदम खाली आला. "मास्तर गेले ताई. दोन वर्षं झाली. सकाळी कामावर आले नाहीत म्हणून खोलीवर गेलो, तर झोपेतच. डॉक्टर म्हणाले हृदय. आम्हीच सगळं केलं. घरचं कुणी माहीत नव्हतं, तरी खूप शोधलं कागदांत."

हुकवाल्याने दोनदा "हॅलो" केलं.

"मी त्यांची बहीण," ती म्हणाली.

"ठमी?"

ते नाव एकोणीस वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. ती जिन्याच्या पायरीवर बसली. धुळीने भरलेली पायरी, कोपऱ्यात कुणीतरी टाकलेलं बसचं तिकीट. तिचं सगळं लक्ष त्या तिकिटावर खिळलं.

"ताई, तुम्ही ऐकलं नाहीत का हो?" हुकवाला म्हणत होता. त्याच्या आवाजात आता राग होता की रडू, ते कळत नव्हतं. "तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा आलं होतं ना ते शूटिंग, तेव्हा मास्तरांनीच हट्ट केला. एरवी फोटोलासुद्धा उभे राहायचे नाहीत. त्या दिवशी दाढी करून आले. त्या आवाजवाल्या माणसाला म्हणाले, माझी शिट्टी तेवढी कापू नका. आम्ही विचारलं, कशाला? म्हणाले, टीव्हीवर लागली की घरी ऐकू जाईल. घरून उत्तर आलं की जाईन. मी म्हटलं, मास्तर, फोन लावा ना सरळ. म्हणाले, नंबर पाठ आहे रे, पण उत्तर आल्याशिवाय वर जायचं नाही असं ठरलंय आमचं. नंतर महिनाभर फाटकावर विचारत होते, माझ्यासाठी काही आलंय का म्हणून."

तिने फोन कधी ठेवला, काय बोलून ठेवला, हे तिला पुढे कधीच आठवलं नाही. आठवतं ते एवढंच, की ती उठली तेव्हा तिच्या डोक्यात एकच गोष्ट घण घातल्यासारखी आपटत होती. तीन वर्षांपूर्वी. पहिला माहितीपट. तो तपासला कुणी?

कपाटात शोधायची गरज नव्हती, सगळ्या जुन्या शीट संगणकात होत्या. नाव टाकलं, शीट उघडली. खाली तपासणाऱ्याची सही तिचीच. ओळी मोजक्या होत्या. सुरुवातीचं संगीत, शेवटचं संगीत, मध्ये एका रेडिओवरचं गाणं. आणि त्याखाली तिच्याच नेटक्या पद्धतीने लिहिलेला शेरा: २३:१०, वॉकीटॉकीची बीप. संगीत नाही.

म्हणजे तिने ऐकली होती. ऐकली नव्हती असं म्हणायची सोयही तिला उरली नाही. ऐकून, थांबून, विचार करून, लिहून, सही केली होती. दुप्पट वेगाने पळताना ती शिट्टी यंत्राची झाली होती, आणि माणूस होता शीटच्या खाली झाकलेला.

तिने तो भाग लावला. एकपट वेगाने. शीट बाजूला केली. तेविसाव्या मिनिटाला निवेदक बंदराच्या वजनाचे आकडे सांगत होता, त्याच्या आवाजाखाली क्रेनची घरघर, आणि पडद्यावर केबिनच्या काचेआड एक माणूस. पिवळं हेल्मेट, गाल नुकतेच खरवडलेले, कानाजवळ वस्तऱ्याचा लहानसा काप. मान डावीकडे जराशी कललेली. ही मान तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून हजारदा खाली बघितली होती. त्याने वॉकीटॉकी तोंडाशी नेला आणि शिट्टी वाजवली. अकरा सेकंद. मग त्याने यंत्र खाली घेतलं, सरळ कॅमेऱ्यात बघितलं आणि थांबला. भुवया किंचित वर. कुणीतरी बोलेल म्हणून थांबतात तसा. चित्र चार सेकंद त्याच्यावर होतं, मग समुद्र आला.

जगात कोट्यवधी माणसं. त्यांतल्या एकीला हा भाग कान देऊन ऐकण्याचा पगार मिळत होता, आणि नेमकी तीच ही. तिच्या तोंडून एक आवाज निघाला. शेजारच्या टेबलावरच्याने हेडफोन काढून बघितलं. तिला तो आवाज आपला वाटलाच नाही.

साहेब आले. त्यांनी पडद्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि सगळं कळायला त्यांना दोन-तीन तुटक वाक्यं पुरली. माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला.

"तुम्ही घरी जा," ते म्हणाले. "हे नंतर बघू."

"शीट दुरुस्त करायचीय."

"अहो, आता..."

"आत्ताच करायचीय."

जुनी शीट उघडायची तर कारण लिहावं लागतं. तिने लिहिलं, तपासणाऱ्याची चूक. तेवीस दहा, अकरा सेकंद, पडद्यावरील व्यक्तीने वाजवलेली शिट्टी. रचनाकाराच्या रकान्यात तिने दादाचं पूर्ण नाव टाकलं. शोधाच्या जाहिरातींनंतर ते पूर्ण नाव तिने पहिल्यांदाच लिहिलं. पुढच्या रकान्यात विचारलं होतं, रचनाकार हयात आहे की नाही. तिथे तिने हात मागे घेतले. साहेबांनी हात पुढे करून तिच्यासाठी 'नाही'वर खूण केली.

भर दुपारी ती घरी पोचली. आई टेबलाशी बसून मटार सोलत होती. दुपारी लेक घरी आलेली बघून तिने आधी हिच्या कपाळाला हात लावला. "ताप आलाय का?"

ती आईसमोरच्या खुर्चीत बसली. वाटेत तिने शब्द जुळवले होते, आधी हे सांगायचं, मग ते. त्यातला एकही शब्द तिला सापडला नाही. तिने फक्त सांगितलं, दादाचा पत्ता लागला, आणि आईच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघवेना म्हणून घाईघाईने पुढचं सांगून टाकलं. बंदर, क्रेन, मास्तर, दोन वर्षं, झोपेत. माणसं चांगली होती, त्यांनी सगळं नीट केलं. शूटिंगसाठी दाढी करून आला होता. आणि मग तिने सगळ्यात अवघड ते सांगितलं. तो भाग माझ्याकडेच आला होता आई. मी ऐकला. मला कळलं नाही.

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती रडली नाही. तिने डोळेही पुसले नाहीत. लेकीला वाटलं, आईला ऐकूच गेलं नाही की काय. ती पुन्हा सांगायला लागली तसं आईने हात वर करून तिला थांबवलं.

"पिवळं हेल्मेट," आई म्हणाली. "काचेच्या आत. कानाजवळ कापलेलं."

"तुला कसं माहीत?"

"मी बघितलं होतं. लागलं होतं ना टीव्हीवर." आईचा आवाज अगदी साधा होता, दूधवाला येऊन गेला हे सांगताना असतो तसा. "तू आत कपड्यांना इस्त्री करत होतीस. मी हाक मारली तुला. म्हटलं, अगं ये लवकर, हा आपला आहे, हा शिट्टी वाजवतोय."

तिला आठवलं. इस्त्री आठवली, निळी ओढणी आठवली, आईची कातर हाक आठवली, आणि त्या हाकेने आलेला वैताग आठवला. आता तिसऱ्यांदा हिचं सुरू झालं, आता ही पुन्हा महिनाभर अंथरुणाला खिळणार, हा विचार आठवला. आणि आपण इस्त्री न ठेवताच आतून काय ओरडलो, तेही शब्दन् शब्द आठवलं. ते आईने आता बोलू नये म्हणून तिने आईचा हात धरला. पण आई बोललीच.

"तू म्हणालीस, आई, तो भाग मीच तपासलाय. अख्खा ऐकून सही केलीय. दादाची शिट्टी असती तर मला कळली नसती का?" आईने हातातली शेंग खाली ठेवली. "शेवटी त्या कार्यक्रमवाल्यांचा फोन नंबर दाखवला होता. मी उतरवून घेतला होता. पण म्हटलं, माझे डोळे म्हातारे झाले, तुझे कान काही खोटं सांगायचे नाहीत. मग मी तो कागद फाडून टाकला."